शिकता शिकता नोकरी: आधी पगार बघायचा की वेळापत्रक?

पायवाट:
पदवीची तीन वर्षं अर्धवेळ कामं करत काढली. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: काम शोधताना ‘तासाला किती’ हे नंतर विचारा. आधी विचारा, पाळी कोण ठरवतं आणि ती किती दिवस आधी कळते?

माझं पहिलं काम दुकानात गल्ल्यावर बसायचं. आठवड्याच्या पाळ्या रविवारी रात्री मेसेजवर यायच्या. तो येईपर्यंत बुधवारचं प्रॅक्टिकल मिळणार की बुडणार, काहीच कळायचं नाही. पुस्तक समोर आणि लक्ष फोनकडे. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्याच ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायचं काम लागलं. पैसे कमी, पण सत्राच्या सुरुवातीलाच वेळा ठरल्या आणि परीक्षेच्या पंधरवड्यात सुट्टीसाठी हात जोडावे लागले नाहीत.

अभ्यासाचे तासही एकदा मोजून बघा. युरोपातल्या ईसीटीएस या अभ्यासाचा भार क्रेडिटमध्ये मोजायच्या पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. म्हणजे १५०० ते १८०० तास. चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसदतीस ते ४५. ही एक पूर्णवेळ नोकरीच झाली!

रातपाळी:
पायवाट, तुमचं म्हणणं पटत नाही. निवड करायला हाताशी थोडे पैसे असावे लागतात. मी खोलीभाड्यासाठी हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी धरली, कारण तीच मिळाली. ग्रंथालयातल्या जागा मोजक्या, अर्ज शेकडो. आणि कमी पैशांचं ‘सोयीचं’ काम म्हणजे बारा तासांत मिळणारे पैसे अठरा तास राबून मिळवायचे. अभ्यासाचे सहा तास गेलेच ना?

पायवाट:
हिशोब बरोबर आहे. पण ते बारा तास कागदावर. जाण्यायेण्याचा वेळ धरा, ‘आज जरा थांबतोस का, दुसरा आला नाही’ हे धरा. ठरलेले अठरा तास मला झेपले, विस्कटलेले बारा नाही झेपले. कायद्यालाही मर्यादा घालावीशी वाटलीच ना? ब्रिटनमध्ये पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं.

रातपाळी:
ती व्हिसाची अट आहे, अभ्यासाचं माप नव्हे. त्याच वर्गातल्या स्थानिक मुलाला ती लागू नाही. प्रयोगशाळा असलेल्या विषयाला दहा तासही जड जातात, दुसऱ्याला पंचवीस जमतात.

समास:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. वेळ आणि पैसा दोन्ही बघितलेत, पण काम कसलं? मी शिकवण्या घेतल्या. तासाचे पैसे चांगले, वेळ आपल्या हातात, शिवाय विषय पक्का होतो. पण त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही: मुलांच्या परीक्षा आणि आपल्या परीक्षा एकाच सुमारास येतात. नेमकं तेव्हाच त्यांना जादा तास हवे असतात. आणि एक तास शिकवायला सुरुवातीला तासभर तयारी लागते, तिचे पैसे कुणी देत नाही.

रातपाळी:
हे खरंय. रात्रपाळीचंही खरं सांगायचं तर सकाळी आठच्या तासाला डोळे मिटायचे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला तेव्हा ती सोडली. पण तोवर दोन सत्रांची फी त्याच पैशातून भरली होती. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलीला मी ‘सोयीचं मिळेपर्यंत थांब’ असं कधीच सांगणार नाही.

पायवाट:
थांबू नकोच म्हणा. पण सत्र सुरू व्हायच्या महिनाभर आधी विभागाच्या कार्यालयात जाऊन विचार, एवढं तरी तिला सांगाल? माझी जागा तशीच मिळाली होती. फलकावर सूचना लागली तोवर ती भरलेली होती.

रातपाळी:
ते सांगेन. मला कुणी सांगितलं नव्हतं.