नाटुकल्यातला विश्वावसू काढू नका

प्रेषक: कार्यक्रम समिती
विषय: आषाढीचा कार्यक्रम, पोरांचं नाटुकलं

मंडळी, नमस्कार.

यंदा आषाढीला आपली दिंडी आहेच. शिवाय इथल्या ओडिया कुटुंबांनी विचारलंय की आषाढी आणि रथयात्रा मिळून करू या का. त्यांच्याकडं छोटा रथ आहे, दोर आहे. आपल्याकडं टाळ-मृदंग आहेत आणि पोरं आहेत. समितीनं आनंदानं होकार कळवलाय.

पोरांसाठी बारा मिनिटांचं नाटुकलं लिहून सोबत पाठवते आहे. राजा इंद्रद्युम्न, समुद्रातून वाहत आलेला ओंडका, म्हातारा सुतार, बंद दार, अपुऱ्या मूर्ती आणि मग रथ. सुरुवातीचा जंगलातला भाग वेळ पुरत नाही म्हणून काढलाय. काकू सध्या नागपूरला महाल भागातल्या घरी आहेत आणि जगन्नाथपुरीची वारी त्यांनी केलेली आहे. काकू, एकदा वाचून कळवाल का? तारखेचंही ठरायचंय. रथयात्रा द्वितीयेची, आपली एकादशी त्यानंतर नऊ दिवसांनी. हॉल एकाच दिवशी मिळतोय.

प्रेषक: काकू, महाल, नागपूर
विषय: उत्तर: आषाढीचा कार्यक्रम, पोरांचं नाटुकलं

बाई, रात्री वाचलं आणि सकाळी पूजा झाल्यावर पुन्हा वाचलं. संवाद छान, पोरांच्या तोंडी सहज बसतील. पण तू जो भाग काढलास तोच राहू दे, दुसरं काय वाटेल ते काढ. विश्वावसू नसला तर जगन्नाथ तिथं कसा आला हेच पोरांना कळणार नाही.

देव आधी त्याचा होता. रानातल्या शबर आदिवासींचा मुखिया विश्वावसू रोज एकटाच रानात जायचा आणि नीलमाधवाची, म्हणजे जगन्नाथाच्या मूळ रूपाची, पूजा करायचा. फळं, फुलं, जे रानात मिळेल ते. कुणाला जागा ठाऊक नव्हती. इकडं माळव्याच्या इंद्रद्युम्न राजाच्या कानावर नीलमाधवाची कीर्ती गेली आणि त्यानं विद्यापती नावाच्या ब्राह्मणाला शोधायला धाडलं. विद्यापती शबरांच्या वस्तीत राहिला, विश्वावसूच्या लेकीशी, ललितेशी, त्याचं लग्न झालं. जावई रोज विचारायचा, सासरा रोज टाळायचा. शेवटी लेकीनं गळ घातली तेव्हा बापाचा नाइलाज झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून नेईन, म्हणाला.

विद्यापतीनं कमरेला मोहरीची पुरचुंडी बांधली आणि वाटभर दाणे सांडत गेला. पाऊस पडला, मोहरी उगवली आणि पिवळ्या फुलांची वाट राजाला थेट देवापर्यंत घेऊन गेली. राजा फौजफाटा घेऊन पोचला, तर नीलमाधव गुप्त!

मला हा प्रसंग लहानपणापासून टोचतो. म्हाताऱ्यानं विश्वास टाकला आणि घरातल्याच माणसानं वाट फोडली. पण गोष्ट त्याला विसरत नाही, हे तिचं मोठेपण. पुढं राजाला दृष्टान्त झाला, समुद्रातून दारू म्हणजे देवाचं लाकूड किनाऱ्याला लागलं. हत्ती लावले, माणसं लावली, ते तसूभर हलेना. एका बाजूला विश्वावसू आणि दुसऱ्या बाजूला विद्यापती उभे राहिले तेव्हाच ते उचललं गेलं. तुझ्या नाटुकल्यात ओंडका सैनिक उचलतात. तेवढं बदल.

सुताराचा भाग तू नीट घेतलास. एकवीस दिवस दार उघडायचं नाही ही अट, आतून हत्याराचा आवाज येईना म्हणून गुंडिचा राणीचा जीव खालीवर होणं, दार उघडणं, सुतार नाहीसा, आणि हातपाय पुरे न झालेल्या मूर्ती. तिथं राणीला दोष देणारं वाक्य मात्र नको. म्हातारा कारागीर आत उपाशी मेला की काय, अशी भीती तिला वाटली. आणि देव तरी तिच्यावर कुठं रागावला? दरवर्षी रथात बसून तो जातो ते तिच्याच नावाच्या गुंडिचा मंदिरात.

आता विश्वावसू का हवा ते सांगते. पुरीत आजही दैतापती म्हणून सेवक आहेत, ते स्वतःला त्याचे वंशज मानतात. ज्येष्ठी पौर्णिमेला देवांना 108 घडे पाण्यानं न्हाऊ घालतात, त्यानं देवांना ताप येतो, पंधरा दिवस दर्शन बंद. त्या आजारपणात देवापाशी बसायचं, औषधपाणी करायचं, हा मान दैतापतींचा. मग रथावर डोलत डोलत आणायचं तेही त्यांनीच. अधिक आषाढ आला की लाकडाच्या मूर्ती बदलतात, नवकलेवर म्हणतात त्याला. त्या वेळी जुन्या मूर्तींना भूमी देतात आणि दैतापती घरचा माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात, मुंडण करतात. नात्यातला देव आहे तो त्यांच्या.

2015 सालच्या नवकलेवराच्या रथयात्रेला मी गेले होते. बडदांडावर, म्हणजे रथांच्या मोठ्या रस्त्यावर, मुंगीला वाट मिळत नव्हती. पुरीचे राजे गजपती महाराज सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथ झाडतात, ते लांबून दिसलं. दोराला हात लागला तो कसाबसा, चार पावलं. काथ्याचा जाडजूड दोर, एका मुठीत मावत नाही. कुणीतरी माझं मनगट धरून माझा हात त्यावर टेकवला, तोंडही पाहता आलं नाही त्या माणसाचं. रथ पुढं सरकला तेव्हा लाकडाची करकर आधी तळपायांना जाणवली आणि मग कानांना. जगन्नाथाच्या नंदीघोषाला सोळा चाकं, बलभद्राच्या तालध्वजाला चौदा, सुभद्रेच्या दर्पदलनाला बारा. दरवर्षी नवं लाकूड आणून अक्षय तृतीयेपासून नवे रथ घडवतात.

येताना निर्माल्य आणलं. महाप्रसादाचा भात वाळवून लहानशा पुरचुंडीत बांधून देतात. कोरडे, पिवळसर, तांदळाहून हलके दाणे. देवघरात ठेवलंय. ह्यांच्या शेवटच्या दिवशी गंगाजलाबरोबर त्यातलाच एक दाणा तोंडात घातला होता.

तारखेचं संध्याकाळी लिहिते, दारात भाजीवाला आलाय.

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: आषाढीचा कार्यक्रम, पोरांचं नाटुकलं

काकू, नमस्कार. डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट जोडतो. मीही नागपूरचाच, शाळा महालात झाली, पण पुरीशी आपल्या गावाचा संबंध आहे हे मला फार उशिरा समजलं. 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याकडून ओडिशा पहिल्या रघूजी भोसल्यांकडं आला. 1803 पर्यंत, बावन्न वर्षं, पुरीवर सत्ता नागपूरकर भोसल्यांची होती. मग अडगावची लढाई हरलो आणि देवगावच्या तहानं कटक प्रांत इंग्रजांना द्यावा लागला.

पुरीच्या मंदिराच्या मुख्य दारापुढं, सिंहद्वारापुढं, एका अखंड काळ्या शिळेचा सोळा कोनांचा खांब आहे, वर हात जोडून बसलेला सूर्याचा सारथी अरुण. तो मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढं होता. कोणार्कची पूजा बंद पडलेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या अमदानीत तो पुरीला आणून उभा केला. अनायासे सारथी रथांच्या वाटेवरच येऊन बसलाय.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगावी असं मला वाटतं. भोसल्यांच्या त्याच फौजांना बंगालात ‘बर्गी’ म्हणत आणि गावंच्या गावं त्या नावाला भ्यायची. ओडिया मंडळींसमोर नुसता अभिमान मिरवू नये. अरुणस्तंभाचं एक वाक्य निवेदनात आलं तरी पुष्कळ.

प्रेषक: काकू, महाल, नागपूर
विषय: उत्तर: तारीख

भाऊ, बर्गींचं लिहिलंस ते बरं केलंस.

तारीख एकादशीचीच धरा. दशमीला देव गुंडिचा मंदिरातून परत निघतात, वाटेत मावशीच्या देवळाशी थांबून पोडपिठा, म्हणजे भाजलेला गोड पिठा, खातात, आणि सिंहद्वाराशी येऊन पोचतात. लगेच आत जात नाहीत. दुसऱ्या दिवशी, आषाढी एकादशीला, रथावरच त्यांना सोन्याचे हात, सोन्याचे पाय, मुकुट चढवतात. सोनावेश म्हणतात. ज्याला हातपाय नाहीत त्याला त्या दिवशी सोन्याचे मिळतात. ज्या दिवशी आपले वारकरी चंद्रभागेत न्हातात, त्याच दिवशी जगन्नाथ राऊळाबाहेर, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा बसलेला असतो. म्हणजे पोरांचा रथ एकादशीला उभा केलात तर चुकीचं काही होत नाही. ओडिया कुटुंबांना विचार, त्यांनाही पटेल.

आणखी एक वाटलं तर घे. बडदांडावर सालबेगाची समाधी आहे. मुसलमान भक्त, ओडियात त्याची भजनं आहेत. त्याला दर्शनाला पोचायला उशीर होत होता म्हणून रथ वाटेत अडून राहिला अशी कथा आहे आणि आजही तिथं रथ थांबवतात. आपला एखादा अभंग नेमका तिथं गाता येईल.

प्रेषक: कार्यक्रम समिती
विषय: उत्तर: तारीख

काकू, एकादशी पक्की. ओडिया ताईंचा फोन झाला, सोनावेश ऐकून म्हणाल्या, मुकुट आणि हात आम्ही पुठ्ठ्याचे करून सोनेरी कागद लावून आणतो.

नाटुकलं अठरा मिनिटांचं झालंय, हॉलवाल्यांशी बोलले. विश्वावसू माझ्या धाकट्यानं मागून घेतलाय. ओंडका आता तो आणि विद्यापती दोघंच उचलतात. राणीचं ते वाक्य काढलं. अडलंय एवढंच, की मोहरी उगवलेली रंगमंचावर दाखवायची कशी? पिवळ्या क्रेप कागदाची फुलं करू का?

प्रेषक: काकू, महाल, नागपूर
विषय: मोहरी

कागद नको. आठ दिवस आधी प्रत्येक पोराच्या घरी एका ताटलीत ओला कापूस पसर आणि वर फोडणीच्या डब्यातली कच्ची मोहरी पेरायला सांग. उन्हाच्या खिडकीत ठेवा, रोज हातानं पाणी शिंपडा. फुलं येणार नाहीत, पण आषाढीपर्यंत बोटभर हिरवी रोपं होतील. त्याच ताटल्या एकापुढं एक मांडल्या की वाट झाली. धाकट्याला सांग, विश्वावसूनं तिच्यावर पाय द्यायचा नाही, बाजूनं चालायचं.