परकी भाषा शिकायला भुताची कादंबरी: रामबाण की खूळ?

रातकिडा

स्पॅनिश शिकायला लागून दोन वर्षं झाली होती आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नव्हती: त्यांचे दोन भूतकाळ. एक 'होत होतं'वाला, दुसरा 'झालं'वाला. तक्ते पाठ, रूपं तोंडावर, पण बोलायची वेळ आली की नेमकं उलटं निघायचं. शेवटी वैतागून एक भुताची कादंबरी उचलली. त्यात सारखं या धर्तीचं यायचं: 'योबीआ. ला कासा एस्ताबा बासीआ. दे रेपेन्ते से आब्रिओ ला पुएर्ता.' पाऊस पडत होता. घर रिकामं होतं. आणि एकदम दार उघडलं.

पहिली दोन क्रियापदं एका काळात, दार मात्र दुसऱ्या. पंधराएक पानांत कान इतका तयार झाला की क्रियापदाचं रूप बदललं की आधी छातीत धस्स व्हायचं, अर्थ मागाहून कळायचा. तो तक्ता मी परत उघडला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तोंडओळखीचं व्याकरण झालं की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावं आणि थेट भयकथा घ्यावी. पाठ्यपुस्तकातली माणसं जन्मभर बाजारात जातात आणि सफरचंदं विकत घेतात, पुढे काय होतं याची कुणाला पडलेली नसते. भुताच्या गोष्टीत पान उलटावंच लागतं. शिवाय शब्द कुठले? जिना, कडी, श्वास, बोटं, सावली, थंडगार. सगळे घरातले आणि अंगावरचे. फँटसीलाही माझं हेच मत लागू. तुम्ही काय वाचून शिकलात तेही सांगा. माझ्याकडून कार्लोस रुइझ साफोनची 'ला सोम्ब्रा देल बिएन्तो' (२००१). भूत असं नाही, पण अंधार भरपूर.

मात्रावेलांटी

असहमत. मी जर्मन शिकवते, त्यामुळे अशा उत्साहाचं पुढे काय होतं ते दर वर्षी बघते. पहिली चाळीस पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आणि पुढचं पुस्तक कोरं करकरीत.

थोडा हिशोब. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली इंग्रजीपुरता तो मांडला होता. कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय समजायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात असं धरलं, तर वाचकाकडे आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) हवीत. वर्ष-दीड वर्ष शिकलेल्या माझ्या विद्यार्थ्यांकडे त्याच्या पाव हिस्साही नसतो. ९८ टक्के येत असले तरी तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडतात. नव्वद टक्के येत असतील तर तीस. तीस वेळा शब्दकोश उघडून कुठलं भूत टिकेल? दार उघडलं, पण ते करकरत उघडलं की धाडकन, हे शोधेपर्यंत बिचारं भूत उभं राहून कंटाळतं.

आणि फँटसीचं तर नावच नको. माझ्या एका विद्यार्थ्याला 'केटनहेम्ड' म्हणजे चिलखताची जाळी हे येत होतं आणि औषधाच्या दुकानात 'खोकला' म्हणता येत नव्हतं. फ्रेंचवाल्यांची आणखी मजा. तिथल्या कादंबऱ्यांत 'पासे सँप्ल' नावाचा जो भूतकाळ भरलेला असतो तो बोलताना कुणी वापरत नाही. कादंबरीवर पोसलेला माणूस त्यात बोलला तर शिलालेख वाचून दाखवल्यासारखं वाटेल.

रातकिडा

मावे, केटनहेम्ड फोडा ना. 'केटं' म्हणजे साखळी, 'हेम्ड' म्हणजे सदरा. तुमच्या विद्यार्थ्याला एका चिलखतात दोन रोजचे शब्द फुकट मिळाले की! खोकला येईल तेव्हा येईल.

धुकट

या वादात एका गृहस्थांची साक्ष काढावी लागेल: काउंट ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. लोकांना सुळे आठवतात, पण तिची सुरुवात म्हणजे परक्या भाषेत अडकलेल्या माणसाची डायरी आहे. जोनाथन हार्करचं जर्मन मोडकंतोडकं, त्यावर त्याचं जेवणखाण निभावतं. मग सरायबाहेर जमलेले लोक त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटायला लागतात. हा पठ्ठ्या बॅगेतून बहुभाषी शब्दकोश काढतो आणि एकेक शब्द बघतो: सैतान, नरक, चेटकीण. आणि पुढे बग्गीत बसतोच! शब्दाचा अर्थ कळणं आणि तो शब्द कळणं यांत केवढी दरी असते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण खरी गंमत किल्ल्यावर आहे. काउंट इंग्रजी उत्तम बोलतो. हार्कर कौतुक करतो तेव्हा तो म्हणतो की व्याकरण येतं, शब्द येतात, पण तुमची भाषा मला पुस्तकांतूनच माहीत आहे, बोलायची कशी ते येत नाही. लंडनच्या रस्त्यात आपण परके म्हणून ओळखू येता कामा नये ही त्याची इच्छा. म्हणून तो हार्करला ठेवून घेतो, बारीकसारीक चूकही सांग म्हणतो. (बाकीची कारणं आपल्याला माहीत आहेत.) कित्येक माणसांची आयुष्यं हाताशी असूनही नुसत्या वाचनावर ज्याचं भागलं नाही, त्याच्यापुढे आपण कोण?

रातकिडा

साक्ष मान्य, पण उलटतपासणी होऊ द्या. हार्करने त्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी दिली आहे: इतिहास, भूगोल, राजकारण, वनस्पतिशास्त्र, कायदा, वर लंडनची डिरेक्टरी. कादंबरीचा उल्लेखच नाही! डिरेक्टरी वाचून कुणाला बोलता आलंय?

जुनंपान

दोन्ही बाजूंना माझा एकच प्रश्न: परक्या भाषेत भीती वाटते का हो? मला नाही वाटत. आम्ही नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी पांघरुणात शिरून वाचलेली माणसं. 'सामसूम' म्हटलं की पोटात गोळा येतो. 'खसफस', 'किर्र', 'ओकंबोकं' यांना अर्थाआधी आवाज आहे, तो लहानपणी कानात बसलाय. 'सिलेन्सिओ' वाचलं की मला ग्रंथालयातली पाटी आठवते. परकी भाषा खुशाल शिका, पण त्यासाठी आवडत्या कादंबरीची शिकवणी करू नका. शिकवणीत पुस्तक मरतं. मी एक सुंदर पुस्तक असंच मारलंय, दर ओळीवर मराठी अर्थ लिहून. आता ते वाचवत नाही, माझंच अक्षर आडवं येतं.

धुकट

जुनंपान, शिकवणीचा मुद्दा पटला. भीतीचा अर्धाच. जर्मनमध्ये एक शब्द आहे, 'उनहाइमलिश'. फ्रॉइडने १९१९ मध्ये त्याच्यावर अख्खा निबंध लिहिला. 'हाइम' म्हणजे घर. 'हाइमलिश' म्हणजे एकेकाळी घरचं, ओळखीचं आणि त्यातूनच पुढे झाकलेलं, गुपचूप. त्याच्याआधी 'उन' हा नकार लावला की जी भीती होते ती जंगलातली नाही. आपल्याच घरातली खुर्ची कुणीतरी इंचभर सरकवून ठेवल्यासारखी. मराठीत मी याला शब्द शोधतोय. 'विचित्र' पोचत नाही, 'भयाण' पुढे निघून जातो. ही भीती मला जर्मन येईपर्यंत होती, पण बिननावाची होती.

त्याच शब्दाने माझी फजितीही केली आहे. ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या नव्या शेजाऱ्यांचं वर्णन 'उनहाइमलिश नेट' असं केलं. मी आठवडाभर त्या शेजाऱ्यांपासून चार हात लांब. नंतर कळलं, बोलताना त्याचा अर्थ 'भयंकर चांगले' एवढाच. आपण नाही का 'भयंकर गोड' म्हणत!

मात्रावेलांटी

बघा, हे 'नेट' प्रकरण कादंबरीत कळलं नसतं. ते माणसांत राहूनच कळलं.

पण मी कादंबरीची वैरी नाही. हट्टच असेल तर निवड डोळसपणे करा. फ्रेंचवाल्यांनी मोपासाँची 'ल ओर्ला' घ्यावी, १८८७ ची. डायरीच्या रूपातली, लांबीला बेताची. ती उघडतेच 'मी सगळी सकाळ गवतावर पडून घालवली' अशा रोजच्या बोलीतल्या भूतकाळाने, आणि हळूहळू त्या माणसाचं घर दुसऱ्याच कुणाचं तरी होत जातं. जर्मनसाठी मिखाएल एंडेची 'दी उनएन्टलिशे गेशिश्टे' (१९७९). तिच्यात खरं जग एका रंगाच्या शाईत आणि कल्पनेतलं दुसऱ्या, आणि प्रकरणं सव्वीस, ए पासून झेडपर्यंत एकेका अक्षराने सुरू होणारी. आपण कुठे आहोत हे रंगच सांगतो. नवशिक्याला एवढा आधार पुष्कळ. पण हे सगळं व्याकरणानंतर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन फिनिश शिकला तो ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलेल्या व्याकरणाच्या पुस्तकातून, हे फँटसीवाले सोयीस्कर विसरतात.

रातकिडा

आणि ते व्याकरण त्याने उघडलं कशाला? 'कालेवाला' हे फिनिश महाकाव्य भाषांतरात वाचून वेड लागलं होतं आणि मूळ वाचायचं होतं म्हणून! आधी गोष्ट, मग व्याकरण. पुढे त्याच फिनिशच्या नादात त्याने एल्फांची क्वेन्या भाषा रचली. तुमचाच साक्षीदार माझ्या बाजूने फुटला, मावे.

मात्रावेलांटी

भाषांतरात वाचून, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे जुनंपान बरोबर!

काजवा

मी इथे नवीन. जपानी शिकतेय, आठ महिने झाले. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकाला जपानीसाठी सुमारे २२०० तासांचे वर्ग धरते, त्यामुळे मी अजून उंबऱ्यावरच. मुलांसाठीचं एक भुतांचं पुस्तक मिळालं, कांजींच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांच्या, शेजारी बारीक अक्षरात उच्चार दिलेले. तीन पानं वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. कंटाळा आला होता, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी हे आलं: 'रोका नि नानिका गा इरु.' मार्गिकेत काहीतरी आहे.

मराठीत 'आहे' म्हटलं की संपलं. खुर्ची आहे, मांजर आहे. जपानीत निर्जीव वस्तू असेल तर 'अरु' आणि हलतंचालतं, जिवंत काही असेल तर 'इरु'. मुलीला ते दिसलेलंही नाही, काय आहे ते ठाऊक नाही, वाक्यातसुद्धा 'काहीतरी' एवढंच. पण क्रियापद 'इरु'. मी उठून खोलीतला दिवा लावला.

रातकिडा

काजवा, खटला मी जिंकला. आभार.

मात्रावेलांटी

एक मिनिट. काजवा, 'अरु' आणि 'इरु'तला फरक तुम्ही कुठे शिकलात?

काजवा

पाठ्यपुस्तकात. धडा चौथा. तिथे टेबलाखाली मांजर होतं.