मदत हवी आहे: हिरड्यांसाठी बोन ग्राफ्ट केलेली दाढ आठ-दहा वर्षांनी टिकली का?

नमस्कार मंडळी,

आम्ही गुहागरचे. आईचं वय 59. वर्षभर ती डाव्या बाजूने चावतच नाही, भाकरीसुद्धा आमटीत कुस्करून खाते. खालच्या दाढेजवळची हिरडी दाबली की पू येतो. शेवटी चिपळूणला हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने घातली, ती 8 मिलिमीटर आत गेली. निरोगी हिरडीत 3 पर्यंतच जाते म्हणे.

एक्स-रेत बाकी दातांचं हाड थोडंथोडं उतरलंय, त्या दाढेच्या मुळालगत मात्र उभा खड्डा आहे. डॉक्टर म्हणाले, सरसकट उतरलेलं हाड ग्राफ्टने, म्हणजे हाडासारखी पावडर भरून, वर येत नाही, पण असा खोल, अरुंद खड्डा भरू शकतो. तीन बाजूंना हाडाची भिंत असेल तर चांगलं, एकच उरली असेल तर कठीण. नक्की काय ते हिरडी उघडल्यावरच कळेल. खोल सफाई करून सहा आठवड्यांनी मोजलं तरी 7 होतं, म्हणून आता ग्राफ्ट.

आईला साखर आहे. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.4 टक्के आली, ती आधी खाली आणायची आहे. लग्न झाल्यापासून लावत आलेली मशेरी तिने दोन महिन्यांपूर्वी सोडली. डबी न्हाणीघराच्या फळीवर आहे अजून, पण रिकामी. मला तिचं फार कौतुक वाटतं.

अडलंय ते दोन गोष्टींवर. ग्राफ्टची पावडर बऱ्याचदा गाईबैलांच्या हाडापासून करतात हे कळल्यावर ती म्हणाली, "मग काढूनच टाक तो दात." कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची पावडरही मिळते. ती कोणी वापरली आहे का? दुसरं म्हणजे, दर तीन महिन्यांनी सफाई केली तर भरलेलं हाड दहा वर्षं आणि पुढेही टिकतं, टाळाटाळ केली की पुन्हा झिजतं, असं वाचलं. भर पावसात एसटीने चिपळूण गाठणं तिला जमेलच असं नाही. ग्राफ्टनंतरची सफाई गावातल्या साध्या दंतवैद्याकडे केली तर चालते का?

ज्यांनी आठ-दहा वर्षांपूर्वी हे करून घेतलं, त्यांनी कृपया लिहा. त्या दाढेने आज सुपारी नाही, पण भाकरी तरी चावता येते का? ज्यांना दाढ पुढे काढावीच लागली, त्यांनीही लिहा, किती वर्षांनी आणि कशामुळे.