उंट की जीप?
जैसलमेरच्या वाळवंटात फिरायला उंट की जीप असं विचारलंय, तर दोन्ही करा. पण जीप जेवणाआधी. आम्ही लातूरचे अकरा जण जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो होतो. ड्रायव्हरनं आधी टायरमधली हवाच कमी केली. मामा कुरकुरले, "पंक्चर गाडीत बसवतो का रे?" हवा कमी असली की टायर पसरतो, वाळूत रुतत नाही. पहिल्याच उतारावर मामांची टोपी उडाली अन् बोलणंही बंद! उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. तेव्हा मागं रेला, नाहीतर तोंडावर याल. काकूंनी मात्र लांबूनच हात जोडले. गर्दी नको असेल तर जैसलमेरजवळच्याच खुरी गावच्या वाळूच्या टेकड्या बघा. मोबाईल पिशवीत बांधूनच ठेवा, चार्जिंगच्या भोकात वाळू जाते.