‘किरकोळ व्यंग’ला पर्याय हवा (आशाताईंच्या पत्रकासाठी)

वर्धाकाठ: यवतमाळकडच्या आशाताईंसाठी (गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी) नवजात बाळाच्या तपासणीचं पत्रक करतो आहे. तळव्यावर एकच आडवी रेघ, कानापुढचं बारीक छिद्र, वाकडी करंगळी, पायाची जुळलेली बोटं या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा. ‘किरकोळ जन्मजात व्यंग’ ताईंनी नाकारलं. ओल्या बाळंतिणीपुढे ‘व्यंग’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते.

पूर्णाथडी: योग्यच नाकारलं. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगच बिघडलेलं. इथे अंग धड आहे, फक्त ठेवण वेगळी. ‘जन्मखूण’ लिहा.

शुद्धमती: जन्मखूण कातडीवरची, म्हणजे लासं. कानापुढच्या छिद्राला लासं म्हणणार का? ‘अल्प वैगुण्य’ नेमका शब्द आहे. वापरला की रुळतो.

मेळघाटी: कागदावर रुळेल, बाजेपाशी नाही. सासू विचारंल, “वैगुण्य म्हंजे काय वं बाई?” मला तर ‘किरकोळ’च खटकतो. एका हातावर आडवी रेघ शंभरात चारेक धडधाकट माणसांनाही असते, एकटीला फारसा अर्थ नाही. पण एकाच लेकरात अशा तीन किंवा जास्त खुणा दिसल्या, तर आत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा दोष असण्याची शक्यता वाढते. १९६४ च्या अमेरिकी पाहणीत अशा बाळांपैकी ९० टक्क्यांत मोठा दोष निघाला, १९८७ च्या पाहणीत सुमारे २० टक्क्यांत. वीस धरले तरी पाचातलं एक. म्हणून पत्रकात ‘खुणा मोजा’ हवंच.
मूठ ओढून उघडू नये. हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं की बाळ स्वतःच उघडतं. आईबापाचे हात-कानही पाहा. वाकडी करंगळी घराण्यातच असेल तर त्या खुणेचं महत्त्व कमी.

पूर्णाथडी: आणि माकडहाडावरची ‘खळी’? हा शब्द गालावरच्या खळीसारखा गोड वाटतो, कोणी मनावर घेत नाही. मधोमध, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरहून लहान असेल तर चिंता नाही. त्याहून वर किंवा मोठी असेल, किंवा तिथे केसांचा झुबका वा गाठ असेल, तर तीन महिन्यांच्या आत मणक्याची सोनोग्राफी करावी. पुढे मणके टणक होत जातात, मग सोनोग्राफीत आतलं नीट दिसत नाही.

शुद्धमती: तिथे ‘खाच’ लिहा.

मेळघाटी: खाच लांबट असते, हा गोल खड्डा आहे.

वर्धाकाठ: मूळ शब्द राहिलाच. ‘जन्मजात वेगळेपण’ चालेल?

पूर्णाथडी: चालेल, पण मग लोंबतं सहावं बोटही त्यात येतं. घरचे त्याला दोरा बांधतात. बोट गळलं तरी बुडाशी दुखरी गाठ राहते, कधी पू होतो. तिथे ठळक लिहा: दोरा बांधू नका, दवाखान्यात पाठवा.

शुद्धमती: ‘पाठवा’ मोघम आहे. ‘संदर्भित करा’ लिहावं.

मेळघाटी: संदर्भित काऊन? ताई रोज ‘रेफर’ म्हणतात, तेच छापा.