नववी भूगोल, ‘पर्यटन’: घटक चाचणीतले प्रश्न अध्ययन निष्पत्तीशी कसे जुळवावेत?

भूगोल_नववी
‘पर्यटन’ पाठावर २० गुणांची घटक चाचणी काढायची आहे. निष्पत्ती (पाठ शिकून मुलाला काय जमायला हवं ते) धरली आहे: ‘पर्यटनाचे स्थानिक लोकांवर होणारे परिणाम उदाहरणासह स्पष्ट करतो.’ प्रश्नपेढीत मात्र ‘पर्यटनाचे फायदे लिहा’ आणि जोड्या लावा एवढंच. पाठांतरावर पूर्ण गुण मिळतात, निष्पत्ती साध्य झाली का ते कळत नाही. माथेरानचं उदाहरण घ्यावं का?

संविधान_तक्ता
मॅडम, जरूर घ्या. पण आधी निष्पत्तीतलं क्रियापद बघा. ‘स्पष्ट करतो’ म्हणजे कारण आणि परिणामाची सांगड मुलानेच घालायची. ‘फायदे लिहा’ला ती लागतच नाही. म्हणून प्रश्नांना हात लावण्याआधी गुणविभागणीचा तक्ता भरा: ज्ञान ४, आकलन ६, उपयोजन (शिकलेलं नव्या प्रसंगात वापरणं) ८, कौशल्य २.

मग पाच-सहा ओळींचा उतारा द्या. माथेरानला वाहनबंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे सामान घोड्यावर किंवा हातगाडीवर जातं. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथेच थांबा. परिणाम उताऱ्यात लिहिलेत, की चाचणी भूगोलाची न राहता वाचनाची होते.

प्रश्न (४ गुण): ‘वाहनबंदीमुळे कोणाला रोजगार मिळतो? तिचा भार कोणावर पडतो? दोन्हींची कारणे लिहा.’

गुणदान: रोजगार १, त्याचं कारण १, भार १, त्याचं कारण १. घोडेवाले आणि हमाल बहुतेक मुलं लिहितील. वाहतुकीचा खर्च वाढल्याने रहिवाशांचा किराणा आणि बांधकामाचं साहित्य महागतं, हा दुवा जोडणं हीच खरी परीक्षा. कारणाविना नुसत्या यादीला २ च्या वर गुण नकोत.

डोंगरवाट
वरच्या प्रश्नाला जोडून: डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. इथे एकाच गावात हितसंबंध वेगळे होतात. ‘हातरिक्षा ओढणारा, घोडेवाला, शाळेत जाणारं मूल यांपैकी दोघांवर ई-रिक्षाचा काय परिणाम होईल?’ (४) मत कुठलंही असो, गुण कारणाला. ‘ई-रिक्षा चांगली की वाईट?’ असं मात्र विचारू नका, मुलं शिक्षकाला आवडेल ते लिहितात.

भूगोल_नववी
उपयोजनाचे ८ झाले. प्रश्न खरंच त्याच निष्पत्तीचा आहे, हे कसं तपासायचं?

संविधान_तक्ता
निष्पत्ती झाकून फक्त प्रश्न दुसऱ्या शिक्षकाला द्या आणि यातून काय तपासलं जातंय ते लिहून मागा. उत्तर जुळलं नाही तर प्रश्न बदला.

चाचणीनंतर ३० पेपरांतले एकूण गुणांनुसार वरचे १० आणि खालचे १० वेगळे काढा. एखाद्या उपप्रश्नाचं उत्तर वरच्यांत ८ जणांना आणि खालच्यांत ७ जणांना आलं असेल, तर तो प्रश्न समज असलेला आणि नसलेला वेगळा करत नाही. खालच्यांना जास्त जमलं असेल, तर प्रश्नाची भाषा किंवा आदर्श उत्तर चुकलंय. आधी आदर्श उत्तर वाचा.