मदत हवी आहे: घड्याळ ठोके मोजतंय की पावलं?

मंडळी, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. मनगटावरचं जीपीएस घड्याळ दहा मिनिटांतच हृदयाचे ठोके मिनिटाला १७५ दाखवतं, आणि मी तर शेजारच्याशी आरामात गप्पा मारत पळत असतो! थांबून लगेच गळ्याला बोटं लावून मोजले, तर १३८. मग लक्षात आलं, माझी पावलंही मिनिटाला साधारण १७५च पडतात. म्हणजे घड्याळाच्या तळाचा, ठोके मोजणारा तो हिरवा दिवा पावलांचाच ताल पकडतोय बहुतेक. पट्टा घट्ट केला, घड्याळ हाडापासून दोन बोटं वर सरकवलं; जरा सुधारलं, पण पहाटेच्या गारठ्यात पुन्हा तेच. ठोके मोजायला वेगळा छातीचा पट्टा घ्यावा की दंडावरचा? छातीचा घामाने खाली घसरतो का? वापरणाऱ्यांनी सांगा.